वाहनावरची बिनतारी आणि बारीक केबल

मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान पुणे-नाशिक रस्त्यावर वसलेल्या कळंबच्या आसमंतात, जेथे उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर नित्याचा झाला आहे आणि पश्चिमेस डिंभे-भीमाशंकरच्या डोंगरांत शिरताच मोबाइलचा भरवसा सुटू लागतो, तेथे वनखात्याच्या जीपवरील वा रुग्णवाहिकेवरील बिनतारी संच ही चैनीची बाब खचितच नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी कळंबच्याच तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गडप झाले, तेव्हा ती वार्ता प्रथम बाहेर पोचली ती एका एसटीचालकामुळे, याचे विस्मरण होऊ नये.

अशा वाहनासाठी संचाची चिकित्सा पुष्कळ होते; संच आणि अँटेना यांना जोडणारी केबल मात्र दुकानदाराच्या मर्जीवर सोडली जाते, आणि तो एकतर हाताशी असेल ती बारीक तार देतो किंवा ‘जाड तितकी उत्तम’ असे सांगून करंगळीएवढी केबल गळ्यात मारतो. वास्तविक हिशेब सोपा आहे. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास २५ वॅटचा संच पाच मीटर केबलीतून बोलू लागला, तर दहा मिलिमीटर जाडीच्या आरजी-२१३ मधून सुमारे साडेबावीस, पाच मिलिमीटरच्या आरजी-५८ मधून वीस आणि तीन मिलिमीटरांहूनही बारीक अशा आरजी-१७४ मधून सतरा वॅट अँटेनापर्यंत पोचतात. साडेबावीस आणि वीस यांतला भेद पलीकडच्या कानाला उमगणारही नाही. ४३५ मेगाहर्ट्झवर मात्र आरजी-१७४ जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच गिळते; तेथे तिचा मोह नको. 

माझा कौल म्हणूनच आरजी-५८ ला. जाड केबल ताठर. टपावरच्या चुंबकी बैठकीपासून दाराच्या फटीतून आत येताना ती दुमडते, आणि दुमडली की आतली तार मध्यावरून सरकून तिचा पन्नास ओहम प्रतिबाधेचा गुण त्या जागी नासतो. कोणत्याही जुन्या जीपच्या दाराची रबरी पट्टी सारून पाहावी: रोजच्या आपटण्याने चपटी झालेली केबल, चिरलेले काळे आवरण आणि पावसाचे पाणी झिरपून हिरवट पडलेली तांब्याची जाळी. त्या दोन बोटांच्या जागेत जेवढे हरवू शकते, तेवढे सबंध पाच मीटरांत हरवत नाही.

केबलीतल्या हानीची धास्ती मोठ्यांनाही असते: जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ महादुर्बीण आहे. तेथे प्रत्येक तबकडीच्या नाभीशीच वर्धक बसवले आहेत, कारण केबलीत क्षीण झालेला संदेश मागाहून वाढवू गेल्यास खरखरही त्याबरोबर वाढते. जीपला ही सोय कोठून असणार! तेव्हा खरेदीच्या कागदांत संचाबरोबर केबलीची जात आणि लांबी यांचाही रकाना असावा, आणि मृग लागण्यापूर्वी दाराजवळचा तो तुकडा कोणीतरी हाताने चाचपून, खराब असेल तर बदलून घ्यावा.