‘हम्मा हम्मा’ पहिल्या नंबरवर का नको? रेमोची गाणी, अल्बम आणि क्रमवारीचं गणित

कुठलंही म्युझिक अॅप उघडा आणि ‘रेमो फर्नांडिस’ टाइप करा. बहुतेक वेळा सगळ्यात वर दोन गाणी दिसतात, ‘हम्मा हम्मा’ आणि ‘प्यार तो होना ही था’. दोन्ही गाणी झकास आहेत. पण यातलं एकही रेमोनं लिहिलेलं नाही आणि एकाचीही चाल त्याची नाही. ‘बॉम्बे’ (1995) मधलं ‘हम्मा हम्मा’ ए. आर. रेहमानचं, हिंदी शब्द मेहबूबचे. ‘प्यार तो होना ही था’ (1998) चं शीर्षकगीत जतीन-ललितचं, शब्द समीरचे, सोबतीला जसपिंदर नरुलाचा आवाज. रेमोनं दिला तो फक्त गळा.

म्हणजे जो माणूस स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो, वाजवतो आणि रेकॉर्डही करतो, त्याच्या नावासमोर आधी दिसतात ती दुसऱ्यांची गाणी. हे बरोबर आहे का? माझं मत सरळ आहे. नाही. आणि ही फक्त फॅन लोकांची कुरकुर नाही. का, ते समजून घेऊ.

(आधी एक खुलासा. रेमोला इथे एकेरी हाक मारली आहे. लता, आशा, सचिन यांना आपण मारतो, तशीच.)

अॅपची क्रमवारी ठरते कशी?

यातलं तंत्र सोपं आहे. स्पॉटिफायवर एखादं गाणं 30 सेकंद वाजलं की एक ‘प्ले’ मोजला जातो. जास्त प्ले म्हणजे वरचा नंबर, आणि वरचा नंबर म्हणजे नव्या माणसाच्या नजरेला तेच गाणं आधी. तो तेच दाबतो, प्ले आणखी वाढतात. इंजिनीअरिंगला याला ‘पॉझिटिव्ह फीडबॅक लूप’ म्हणतात. माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी ऐकू येते, तोच प्रकार. आवाज वाढतो, अर्थ वाढत नाही.

त्यात सिनेमाच्या गाण्यामागे सिनेमा असतो, टीव्ही असतो, लग्नाची वरात असते, 2017 च्या ‘ओके जानू’ सारखा रिमेक असतो. घरी बसून केलेल्या कॅसेटमागे यातलं काहीच नसतं. प्ले मोजणारं यंत्र हा फरक बघत नाही. त्याच्या लेखी गायक, गीतकार, संगीतकार सगळे ‘आर्टिस्ट’ या एकाच रकान्यात.

बरं, माणसांनी मतदान करून लावलेली क्रमवारी तरी पक्की असते का? ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या 500 सर्वोत्तम अल्बमच्या यादीत 2003 मध्ये पहिला होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’. 2020 मध्ये यादी नव्यानं केली, तर तो 24 व्या क्रमांकावर गेला आणि मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. गाण्यांच्या यादीतही तेच. 2004 मध्ये बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ पहिलं, 2021 मध्ये चौथं. मधल्या काळात गाण्यातला एक सूरही बदललेला नव्हता. मत देणारी माणसं बदलली, त्यांचे निकष बदलले.

मग रेमोला निकष कोणते लावायचे?

मी तीन घेतले. शब्द-चाल स्वतःची असेल तर 5 गुण. वाद्यं, रेकॉर्डिंग, मांडणी यात स्वतःचा हात असेल तर 2. आणि आजही ते गाणं लागू पडतं किंवा लोकांच्या तोंडी आहे, यासाठी 3. एकूण 10.

‘हम्मा हम्मा’ला टिकण्याचे पैकीच्या पैकी 3, बाकी शून्य. एकूण 3. ‘पॅक दॅट स्मॅक’ या अमली पदार्थांविरुद्धच्या गाण्याला लिहिण्याचे 5, बनवण्याचे 2, टिकण्याचे 2. एकूण 9.

आता हेच वजन उलटं करा. टिकण्याला 8, बाकी दोघांना एकेक. ‘हम्मा हम्मा’ला 8 मिळतात, ‘पॅक दॅट स्मॅक’ला साधारण 7.3, आणि क्रम फिरतो. म्हणजे भांडण गाण्यांचं नाही, वजनांचं आहे. अॅपनं सगळं वजन एकाच निकषावर टाकलंय आणि ते आपल्याला सांगितलेलं नाही. मी माझी वजनं सांगून टाकली. तुम्ही ती बदला आणि तुमची यादी करा, हरकत नाही.

लिहिण्याला निम्मे गुण का, असं कोणी विचारेल. कारण प्रश्न ‘गायक रेमो’चा नाही, ‘गीतकार-संगीतकार-गायक रेमो’चा आहे. गळा मोजायचा असेल तर वेगळी यादी करू. त्यात ‘हम्मा हम्मा’ला मीच पहिला नंबर देईन.

पहिला अल्बम: ‘गोअन क्रेझी’ (1984)

इथे वाद घालायला मी तयार आहे. रेमोचा जन्म 1953 चा, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातला. मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला. (पदवी एकीकडे आणि काम भलतीकडे, ही परंपरा आमच्या पिढीनं सुरू केलेली नाही.) सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून आला. तेव्हा आपल्याकडे इंग्रजी रॉक म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणं. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी, तीही गोव्याच्या गल्लीबोळांबद्दलची, विकत घ्यायला मुंबईच्या कंपन्या तयार नव्हत्या.

मग त्यानं शिवोलीच्या घरातच टीअॅक कंपनीच्या पोर्टास्टुडिओ नावाच्या यंत्रावर अख्खा अल्बम केला. सगळी वाद्यं त्यानं वाजवली, सगळे आवाज त्याचेच, रेकॉर्डिंग त्याचं, कॅसेटचं कव्हरही त्यानंच काढलं. आणि कॅसेट पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानादुकानात नेऊन दिल्या.

हे यंत्र काय करायचं, ते सांगायलाच हवं, कारण अल्बमचं मोल त्यात आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर चार बारीक पट्ट्या असतात, दोन ए बाजूच्या आणि दोन बी बाजूच्या. पोर्टास्टुडिओ त्या चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरतो. पहिल्या पट्टीवर ताल, दुसऱ्या पट्टीवर बेस, तिसऱ्या पट्टीवर गिटार. मग या तिन्ही मिसळून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या, म्हणजे पहिल्या तीन रिकाम्या होतात आणि त्यावर आवाज, बासरी, कोरस चढवता येतो. अडचण अशी की दर वेळी उतरवताना फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. ताल जोरात पडला? पुन्हा पहिल्यापासून. ‘अनडू’ नाही. अशा यंत्रांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फीत दुप्पट वेगानं फिरायची, त्यामुळे 60 मिनिटांच्या कॅसेटमध्ये मावायची फक्त 15 मिनिटं.

आता जगात बघा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा 1982 चा अल्बम टीअॅकच्याच पोर्टास्टुडिओवर, घरीच रेकॉर्ड झाला. मुळात तो बँडला ऐकवण्यासाठीचा कच्चा खर्डा होता, नंतर तसाच बाजारात आला. त्यावर पुस्तकं निघाली, 2025 मध्ये सिनेमा आला. रेमोची कॅसेट त्याच्यानंतर दोनच वर्षांनी आली. फरक इतकाच की स्प्रिंगस्टीनमागे कोलंबिया रेकॉर्ड्स होती आणि रेमोकडे स्कूटर. ‘नेब्रास्का’ला आपण मान देतो आणि ‘गोअन क्रेझी’ला ‘गोव्याची गंमत’ म्हणून सोडून देतो, हे मला पटत नाही.

दुसरा, तिसरा, आणि एक अडचणीचा

दुसऱ्या नंबरवर ‘पॅक दॅट स्मॅक’ (1986). ऐंशीच्या दशकात गोव्याचं नाव हिप्पी आणि नशा यांच्याशी जोडलं गेलं होतं, आणि त्याच गोव्यातल्या लांब केसांच्या रॉकरनं हेरॉइनविरुद्ध अल्बम काढला. नाचायला लावणाऱ्या चालीवर. उपदेश करणारं गाणं सहसा ऐकवत नाही, हे ऐकवतं. टिकण्याचे दोन गुण मी का दिले, विचारा. ‘एमडी’ पकडल्याच्या बातम्या आमच्या डेस्कवर सतत येत असतात, आणि त्या फक्त मुंबई-गोव्याच्या नसतात, आपल्या विदर्भातल्याही असतात.

इथे वर्ध्याचा एक मुद्दा. आपला जिल्हा गांधीजींच्या नावानं दारूबंदीचा (ती कागदावर किती आणि गल्लीत किती, तो वेगळा लेख होईल). त्यामुळे इथल्या पोरांच्या डोक्यात गोवा म्हणजे एकच गोष्ट, आणि गोव्याचं गाणं म्हणजे त्याच गोष्टीचं गाणं. कॉलेजच्या ट्रिपच्या बसमध्ये रेमो वाजतो तो त्याच मूडमध्ये. त्याच्या दुसऱ्या नंबरच्या अल्बमचा विषय बरोबर उलटा आहे, हे त्या बसमध्ये कोणालाच ठाऊक नसतं. क्रमवारी चुकली की असं होतं.

तिसरा ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल’ (1992). नुसत्या नावासाठीच मी एक जागा वर ढकलला असता. चौथा ‘बॉम्बे सिटी’ (1987). आमच्या ऑफिसात यावर एकमत नाही, एका सहकाऱ्याच्या मते तो तिसरा हवा. शेवटी ‘ओ मेरी मुन्नी’ (1998), इंडीपॉपच्या लाटेतला हिंदी अल्बम. खप वेगळा, वजन वेगळं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं मला सापडत नाही.

अडचण होते ती ‘ओल्ड गोअन गोल्ड’ (1985) ची. ही जुनी, पारंपरिक गाणी रेमोनं नव्या वाद्यमेळात बसवली. ‘मारिया पिताशे’ हेही असंच लोकांचं गाणं, जे त्याच्या आवाजात इतकं पसरलं की 2013 च्या ‘डेव्हिड’ सिनेमात पुन्हा आलं. माझ्या सूत्रात अशा गाण्यांना लिहिण्याचे शून्य पडतात, आणि ते मनाला लागतं. पण आपल्याकडे कोणी जात्यावरच्या ओव्या किंवा दंडार नव्यानं वाजवली तर आपण त्याला ‘कवी’ म्हणत नाही, ‘जपणारा’ म्हणतो. ते काम लहान नाही, फक्त जात वेगळी. म्हणून हा अल्बम मी क्रमवारीबाहेर, पण त्याच कपाटात ठेवते.

गाण्यांत पहिलं कोणतं?

गुणांनी ‘पॅक दॅट स्मॅक’ पुढे आहे, 9. तरी मी पहिलं ठेवते ‘हॅलो राजीव गांधी’ला, ज्याला माझ्याच सूत्रात 8 पडतात. सूत्र मोडण्याचं कारण आहे. पंतप्रधान गोव्यात आलेले, समोर बसलेले, आणि रेमो त्यांनाच उद्देशून, गोव्यातलं दुखणं सांगणारं गाणं गातो. त्यावर टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून गाणं आवडल्याचं कळवलं. गाणं कुठे, कोणासमोर गायलं गेलं, यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. अॅपच्या तक्त्यात तर नाहीच नाही. आज असं गाणं कोणी मंत्र्यासमोर गायला, तर पुढची बातमी पत्राची असेल की नोटिशीची, तुम्हीच सांगा.

तिसरं ‘ओड टू ग्रॅहम बेल’. विषय? टेलिफोन लागत नाही. ज्यांनी लँडलाइनचा काळ पाहिलाय त्यांना समजावण्याची गरज नाही. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी आर्वीच्या पलीकडे एखाद्या खेड्यात मोबाइलची रेंज शोधत छतावर चढून बघावं.

‘पण लोकांना तर हम्माच आवडतं!’

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. ‘प्यार तो होना ही था’ आलं त्याच्या आसपास माझा जन्म. हे गाणं आमच्या पिढीनं शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकलंय आणि ते आठवणीतून काढून टाका असं मी म्हणत नाही. रेमोला 2007 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा देशभर त्याचं नाव माहीत होतं ते या गाण्यांमुळेही.

माझी हरकत आहे ती पुढच्या परिणामाला. हिंगणघाट, पुलगाव, देवळी इथली कितीतरी पोरं आज मोबाइल आणि स्वस्तातला माइक घेऊन वऱ्हाडीत रॅप करतात, स्वतः लिहितात, खोलीत गादी लावून रेकॉर्ड करतात. पोर्टास्टुडिओपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक त्यांच्या फुकटच्या अॅपमध्ये आहेत. यातल्या एखाद्याला उद्या सिनेमात दोन ओळी गायला मिळाल्या, तर अॅपवर त्याच्या नावासमोर त्याच दोन ओळी वर दिसणार आणि त्याची स्वतःची 20 गाणी खाली ढकलली जाणार. त्याला कोणी सांगितलं की 1984 मध्ये एका माणसानं हेच केलं, शिवोलीच्या घरात चार पट्ट्यांच्या कॅसेटवर, तर त्याला नवल वाटेल. कारण त्यानं रेमो शोधला तेव्हा अॅपनं त्याला ‘हम्मा हम्मा’ दिलं.

रेमोचं आत्मचरित्र 2021 मध्ये आलंय, इंग्रजीत. वाचायला वेळ नसेल तर निदान अॅपमध्ये गायकाच्या नावाऐवजी अल्बमचं नाव टाकून शोधा, आणि गाणं उघडलं की ‘क्रेडिट्स’ किंवा ‘श्रेयनामावली’ असा पर्याय दिसतो का बघा. गीतकार कोण, संगीतकार कोण, ते तिथे लिहिलेलं असतं. मग ‘बॉम्बे सिटी’ तिसरा की चौथा, ते आम्हाला कळवा. ऑफिसातला वाद अजून मिटलेला नाही.