धर्माची बातमी आणि आपण

वृत्तपत्रांत धर्माला जागा मिळते ती बहुधा दोन प्रसंगी : चमत्कार घडला म्हणजे, किंवा कलह झाला म्हणजे. घराघरांतून चालणारी व्रते, पारायणे, दानधर्म यांची बातमी होत नाही. ती व्हावी असा आमचा आग्रहही नाही. नित्य घडते ती बातमी नव्हे, ही त्या व्यवसायाची रीतच आहे. परंतु जे छापावयाचे ते तरी पारखून छापले जावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा वाचकांना अधिकार आहे.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध प्राशन करू लागल्याची वार्ता एका दिवसात देशभर पसरली. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले. त्या प्रसंगी फार तर दूध वाया गेले. २०२० साली मात्र माणसांची अब्रू पणाला लागली.

त्या वर्षी मार्च महिन्यात दिल्लीच्या निजामुद्दीन भागात तबलिगी जमातीच्या मेळाव्यास आलेल्या अनेकांना कोविडची बाधा झाली. ही बातमी देणे वृत्तपत्रांचे कर्तव्यच होते. परंतु गर्दीचा दोष पाहता पाहता एका धर्माच्या माथी आला, आणि पुष्कळ वृत्तवाहिन्यांनी त्यास हातभार लावला. पुढे २१ ऑगस्टच्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रे व वाहिन्यांतून मोठा अपप्रचार झाला, असे न्यायमूर्ती नलावडे यांनी निकालपत्रात नमूद केले. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली. मात्र निकालपत्रातील काही निरीक्षणांशी ते सहमत नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे.

आरोपाची चर्चा आठवडेच्या आठवडे घरोघरी झाली. निकाल किती घरांत वाचला गेला, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांना हा विचार परका वाटू नये. भिन्न भाषा आणि भिन्न आचार यांच्या शेजारात आपण सुखाने नांदलो, ते शेजाऱ्याला त्याच्या वागणुकीवरून ओळखून. त्याच्या धर्माविषयी काही वाचनात आले, तर निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यालाच विचारावे, आणि त्या प्रकरणाचा शेवट काय झाला हेही आवर्जून पाहावे. मुलांना पहिली बातमी वाचून दाखविली असेल, तर नंतरचीही वाचून दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.