रॉक ओसरले, पण आनंद कशाचा?

देवळाच्या मंडळींत अलीकडे एक वार्ता मोठ्या समाधानाने सांगितली जाते. अमेरिकेतील तरुण पिढी रॉक संगीताला विटली, ही ती वार्ता. उत्सवसमितीच्या बैठकीत, प्रवचनाच्या ओघात, खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात हारांची घासाघीस चालू असताना, परदेशी असलेल्या मुलानातवंडांचा हवाला देऊन ती सांगितली जाते. आणि सांगणाऱ्याच्या मुद्रेवर ‘आम्ही म्हणतच होतो’ असा भाव असतो. तो सारा धांगडधिंगा, आज ना उद्या मरणारच होता. आपले संगीत मात्र सनातन, त्याला मरण नाही, असा हा युक्तिवाद आहे. आम्हांला तो मान्य नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या समाजाला तो घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वार्ता खोटी नाही. २०१७ साली नील्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत हिप-हॉप व तत्सम संगीताने अमेरिकेत रॉकला प्रथमच मागे टाकले, आणि रॉकला ते स्थान त्यानंतर परत मिळालेले नाही. परंतु रॉक अनीतिमान होते म्हणून ओसरले, हे म्हणणे क्षणभरही टिकत नाही. त्याच्या जागी जे आले, ते सोवळे नेसून आले आहे काय? शब्दांचा उघडेपणा, पैशाचा तोरा, मद्याची व मादक द्रव्यांची वाखाणणी या बाबतींत नवे जुन्याच्या दोन पावले पुढेच आहे. मग तरुणांनी एक सोडून दुसरे का धरले, याचे कारण नीतीत शोधून सापडायचे नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

आमच्या देवालयप्रेमी वाचकांना नवल वाटेल, पण या संगीताचे एक मूळ प्रार्थनामंदिरात आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही १९१५ साली आर्कान्सामध्ये जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणापासून ती चर्चमध्ये भक्तिगीते गाई आणि गाताना गिटार वाजवी. विजेवरची गिटार हाती आल्यावर तिने तीच भक्तिगीते अशा ठेक्यात वाजविली की, पुढे ज्यांना रॉकचे प्रवर्तक म्हटले गेले, त्यांनी तिच्यापासून धडे घेतले. एल्विस प्रेस्लीचे कानही चर्चमधील सामुदायिक गाण्यावरच तयार झाले होते. त्या गाण्यात श्रोता आणि गायक असा भेद फारसा नसे. जो येई तो टाळी धरी, जो टाळी धरी तो गाऊ लागे.

पुढे हे गाणे मोटार ठेवण्याच्या पडव्यांत गेले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी लिव्हरपूलचे बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसले, आणि ठिकठिकाणच्या पोरांनी गिटारी विकत घेतल्या. चार मित्र, एक जुनी गिटार, एक ढोल आणि शेजाऱ्यांची सहनशीलता एवढ्या भांडवलावर हा संसार मांडता येत असे. बहुतेक पोरे वाईटच वाजवीत. पण वाजवीत, हे महत्त्वाचे.

त्यानंतर काय झाले? गाणे मैदानात गेले. तेथे व्यासपीठ इतके दूर की, गाणारा डोळ्यांना मुंगीएवढा दिसावा. १९९६ च्या कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती नभोवाणी केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठली; एकेका कंपनीच्या हाती शेकडो केंद्रे गेली आणि गावोगावी तीच ती ठरलेली गाणी वाजू लागली. १९९५ साली क्लीव्हलंड शहरात रॉकचे भव्य वस्तुसंग्रहालय उघडले. जिच्या बोटांतून हे सारे निघाले, त्या थार्पबाईंना त्याच्या मानकऱ्यांत जागा मिळाली ती २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी! आणि २०२४ साली रोलिंग स्टोन्स ही १९६२ पासूनची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा तिची पुरस्कर्ती कोण होती? एएआरपी, म्हणजे उतारवयातील नागरिकांची संस्था. मुख्य गायक ऐंशी वर्षांचा. त्याच्या उत्साहाला आमचा नमस्कार असो. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाने त्या मैदानात जाऊन करायचे काय? आजोबांच्या आठवणींना टाळ्या वाजवायच्या?

त्या मुलाने दुसरी वाट धरली. १९७३ सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीच्या सभागृहात कूल हर्क नावाच्या तरुणाने दोन तबकडीयंत्रे शेजारी मांडून नृत्याचा ठेका लांबविला, तेथून ही वाट निघते. वाद्य शिकविणारा कोणी नाही, वाद्य घ्यायला पैसा नाही, तर तबकडी हेच वाद्य आणि बोलणे हेच गाणे! ते गाणे आम्हांला रुचत नाही. रुचावे असा कोणाचा आग्रहही नाही. पण ते पोराच्या हाती होते. आज एका संगणकावर खोलीत बसून तो ते करतो. गिटारीची गोष्टही याला पुष्टी देते. २०१८ मध्ये गिब्सन ही जुनी गिटार-कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यात इतर धंद्यांसाठी काढलेल्या कर्जाचा भाग मोठा होता, तरी वाद्यच मेले अशी हाकाटी झाली. दोनच वर्षांनी, साथीमुळे लोक घरात कोंडले गेले असता, फेंडर या दुसऱ्या कंपनीची विक्री तिच्या इतिहासात सर्वाधिक झाली. वाद्य मेले नव्हते. मैदानातल्या खुर्च्या बंद होताच लोकांनी ते मांडीवर घेतले, इतकेच.

असो. अमेरिकेचे अमेरिकेपाशी. आपल्या घरी हेच घडून गेले आहे, आणि त्याला शतक होत आले. संगीत नाटकाचे नाव काढताच आपले वडीलधारे सद्गदित होतात. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, हे बडोदेकराला सांगावयास नको. त्या वैभवाविषयी आमचा आदर कमी नाही. पण ‘वन्स मोअर’च्या वर्षावात एकेक पद तीनतीनदा घोळवीत रात्र सरे, आणि नाटक पुढे सरकत नसे, हेही तितकेच खरे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि तरुण प्रेक्षक तिकडे वळला. तेव्हाही असेच म्हटले गेले की, पिढी बिघडली. वस्तुतः पिढी बिघडली नव्हती. १९६४ साली गोवा हिंदु असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले, जितेंद्र अभिषेकी यांनी त्याची पदे आटोपशीर आणि नव्या चालींची केली, आणि त्याच तरुणांनी ती डोक्यावर घेतली. हे अभिषेकीबुवा कोण? मंगेशीच्या देवळात कीर्तन करणाऱ्या पित्याचे पुत्र. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक. २०१५ साली त्याचा चित्रपट झाला तेव्हा महाविद्यालयीन मुले ती पदे गुणगुणत हिंडत होती. तेव्हा जुन्या संगीताचा तरुणांना तिटकारा आहे, हा आरोप निराधार आहे. तिटकारा आहे तो गप्प बसवून ठेवले जाण्याचा.

बडोद्याच्या दरबाराला हे मर्म सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते. राजदरबारी उत्तम कलावंत पदरी असताना सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा दिली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धती बसविली, पुस्तके तयार केली. गाणे दरबारातून उठून शहरातील सामान्य मुलांपर्यंत आले. तीच संस्था आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या संगीत-नाट्य शाखेच्या रूपाने उभी आहे. १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच शहरात. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ १९१० मध्ये हेच संगीत घेऊन अमेरिकेस गेले. नागरिकांना उत्तम गाणे नुसते ऐकवावे, एवढ्यावर महाराजांचे समाधान झाले असते, तर यांतील फार थोडे उरले असते.

आणि आता आपल्या देवळांकडे पाहावे. सायंकाळी आरतीची वेळ होते. पुजारी एक कळ दाबतो. विजेच्या मोटारीवर चालणारा नगारा, त्याला जोडलेल्या झांजा आणि घंटा, सारे एकदम दणदणू लागते. ना लय बदलत, ना ताल चुकत, ना आरतीच्या कडव्याशी त्याचा काही संबंध! ध्वनिक्षेपकावर कोणा विख्यात गायकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित आरती लागते. पूर्वी झांज कोणाच्या हाती यायची यावरून पोरांत भांडणे होत. घंटेच्या दोरीसाठी बाप पोराला उचलून धरी. आता पोर हात जोडून उभे असते आणि थोड्या वेळाने आईचा पदर ओढू लागते. त्याच पोराबद्दल पुढे दहा वर्षांनी विश्वस्तमंडळ खेद व्यक्त करणार, की नव्या पिढीला भजनाची आवड राहिली नाही!

ज्या यंत्राने मुलाच्या हातची झांज काढून घेतली, ते देवळात आणणारांनी मुलाच्या उदासीनतेबद्दल तक्रार करण्याचा हक्क गमावला आहे. हे आम्ही कोणा एका देवळाला उद्देशून म्हणत नाही. हा विजेचा नगारा इतका पसरला आहे की, नाव घेण्याची सोय उरली नाही. ‘वाजवायला माणसे मिळत नाहीत’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. माणसे मिळत नाहीत म्हणून यंत्र आणले, की यंत्र आणल्यामुळे माणसे यायची थांबली, याचा विचार एकदा तरी व्हावा.

कारण जेथे हात मोकळे ठेवले आहेत, तेथे तरुण आहेतच. गोव्यात चतुर्थीला घुमट, समेळ आणि कासाळे घेऊन घरोघर आरत्या होतात. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यावर बकऱ्याचे कातडे चढवून घुमट चालू राहिले. २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसावाद्य ठरविले. तेथील आरत्या अर्धा-अर्धा तास चालतात, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले घामाघूम होऊन वाजवितात. त्यांना कोणी ‘संस्कृती टिकवा’ म्हणून सांगायला जात नाही. पुण्यातील ढोल-ताशांची पथके पाहा. मुलीदेखील कमरेला ढोल बांधून महिनेन् महिने सराव करतात. त्या आवाजाच्या अतिरेकाबद्दल आमचे मतभेद आहेत, तो विषय वेगळा. आणि दूर कशाला, याच वडोदऱ्यात नवरात्रात हजारो तरुण गरब्याच्या फेरात उतरतात. २०२३ साली युनेस्कोने गरब्याला मान दिला, परंतु तो त्याआधी कित्येक पिढ्या जिवंत होता, याचे कारण फेरात शिरायला कोणाची परवानगी लागत नाही.

खंडेराव मार्केट या बाबतीत विचार करण्याजोगे ठिकाण आहे. महाराजांच्या कारकिर्दीच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणार्थ १९०६ साली ही वास्तू उभी राहिली आणि खंडेराव महाराजांचे नाव तिला मिळाले. एवढी देखणी इमारत. पण तिला कुलूप घालून तिकीट लावलेले नाही. महानगरपालिकेचा कारभार तेथे चालतो, भाजी, फळे, फुले तेथे विकली जातात, चिखल होतो, भांडणे होतात, आणि म्हणूनच शहराला ती आपली वाटते. तेथील फुलवाल्याला आम्हां सर्वांपेक्षा एक गोष्ट अधिक चांगली ठाऊक आहे. काल देवाला वाहिलेले फूल कितीही सुंदर असो, आज ते निर्माल्य होय. त्याला नमस्कार करावा, पण पुन्हा वाहू नये. हा नियम आपण फुलाला कसोशीने लावतो. दुसऱ्याच्या कंठातून वीस वर्षांपूर्वी निघालेली, तबकडीवर साठविलेली आरती मात्र रोज त्याच देवापुढे ठेवतो. हे कोणत्या शास्त्रात बसते, ते कोणी तरी आम्हांस दाखवावे.

उत्सवाच्या खर्चाचाही हिशेब येथेच मांडला पाहिजे. वर्षातून एकदा नामवंत गायकाला बोलावून, मोठे मानधन देऊन, पहिल्या रांगेत देणगीदारांच्या खुर्च्या मांडून ‘भक्तिसंध्या’ होते. गायक गातो, आपण ऐकतो, दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो. ही रॉकच्या मैदानाची धाकटी आवृत्ती नव्हे काय? त्याच पैशात गल्लीतल्या पेटीवाल्याला किंवा पखवाज जाणणाऱ्या वृद्धाला वर्षभर आठवड्यातून दोन सायंकाळी सभामंडपात बसविता येईल, आणि दहा मुले दहा पदे म्हणू लागतील. बेसूर म्हणतील. पहिले वर्षभर ते ऐकणे हीच श्रोत्यांची तपश्चर्या समजावी. चाली नव्या मागतील, त्याही द्याव्यात. गिटार आणतील, तर तीही मंडपात येऊ द्यावी. थार्पबाईंच्या चर्चने ती येऊ दिली होती.

‘मुलांच्या परीक्षा असतात’, ‘गुरुजींना वेळ पुरत नाही’, ‘शेजारी कुरकुर करतात’ हे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. शेजारी यंत्राच्या दणदणाटाविरुद्धही कुरकुर करतातच, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. चार पोरांच्या झांजांना तेवढा आवाज नसतो. आरतीला दहा मिनिटे लागतात, तेवढ्याने कोणाची परीक्षा बुडाल्याचे ऐकिवात नाही. राहिला प्रश्न एवढाच की, देणगीदाराचे नाव कोरलेले ते यंत्र काढून ठेवायचे कसे. पाटी काढून भिंतीवर लावावी, आणि यंत्र भंगारात द्यावे. येईल त्या पैशात झांजांचे दोन-तीन जोड तरी येतील.