सड्यावर झाडं लावू नका

आधी माझाच गुन्हा सांगून टाकतो. गेल्या वर्षी जुलैत आमच्या गावावरच्या सड्यावर (पाटण तालुका) दोनशे खड्डे मारले, त्यात मीही होतो. शाळेची पोरं, सरपंच, टी-शर्ट वाटणारी मंडळी, सगळे होते. फोटो झाले, वडापाव झाला. दिवाळीनंतर वर गेलो तर वीसेक रोपं कशीबशी तग धरून होती. एप्रिलमध्ये एकही नाही.

रोपं मेली याचं मला फार वाईट वाटत नाही, ती मरणारच होती. खाली जांभा, वर दोन बोटं माती, कुठं तीही नाही. पावसात पाणी तुंबतं आणि मे महिन्यात कातळावर पाय ठेववत नाही. वाईट याचं वाटतं, की पहार मारली तिथं आधी काय होतं हे कुणी खाली वाकून बघितलंच नाही. सप्टेंबरात तिथंच सीतेची आसवं असतात, गेंद असतात, दवबिंदू असतो. मातीत सत्त्वच नाही म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खाऊन जगतात. इतक्या हालाखीत जगायला शिकलेली वनस्पती आपण खड्ड्यातल्या मातीबरोबर उपटून फेकली. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे!

पण सातबाऱ्यावर काय लिहिलंय? पोटखराबा. म्हणजे कुणीही यावं, पवनचक्की लावावी, रस्ता काढावा, नाहीतर पुण्य म्हणून झाडं लावावीत.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं. त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आहेत: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. यातलं कास म्हणजे सडाच की! तिथं तिकीट काढून फुलं बघायची आणि घरामागच्या सड्याला ओसाड म्हणायचं, हे आपल्यालाच जमतं.

सध्या वाघाची चर्चा जोरात आहे. आनंदच आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१८ ला चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ दिसला तेव्हा आम्हीपण पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरवले. पण वाघ काय झाडं खातो? त्याला गवा पाहिजे, सांबर पाहिजे, आणि त्यांना गवत पाहिजे. ते गवत सड्यावर आहे, नाहीतर उठवलेल्या गावांच्या जुन्या शेतांवर. (त्या गावांच्या पुनर्वसनावर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल.)

कुणी म्हणेल, झाडं लावणं वाईट कसं? वाईट नाहीच. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, उघड्या पडलेल्या उतारावर हिरडा-जांभूळ लावा. आणि कासची चूकपण करू नका. तिथं लोखंडी जाळी घातली, गुरं बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी जाळी काढावी लागली. आमच्या गुराख्यांना सडा आपल्यापेक्षा जास्त कळतो, त्यांना विचारा. वणवा लावणाऱ्याला मात्र माफी नको.

यंदाही तोच कार्यक्रम ठरतोय, रोपं पाचशे. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय: जागा बदला, ओढ्याकडची घ्या, खड्डे मारायला मी येतो. अजून उत्तर नाही. गावातल्या कुणी ही पोस्ट वाचली तर ग्रामसभेला या, मी एकटा बोललो तर हसण्यावारी नेतात.