बायबल आहे, मग इतर पुस्तके कशाला?
बायबल हाती असताना इतर पुस्तके कशाला, हा आक्षेप श्रद्धेतूनच येतो. पण मराठी ख्रिस्ती परंपरा त्याला दुजोरा देत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले, तेव्हा मराठीत बायबल नव्हतेच. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसांची श्रद्धा त्यातल्या ओवीवर पोसली. पुढे बायबल आले, तरी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची गरज सरली नाही. सोवळ्यात वाढलेली बाई पतीच्या धर्मांतरानंतर चिडत, शंका घेत श्रद्धेपर्यंत कशी पोचली, हे प्रवचनात क्वचितच ऐकू येते. वाचनाने श्रद्धा पातळ होते म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. एवढ्या व्यासंगी विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे दिली ती बायबलच्या मराठी भाषांतराला. चर्चमधल्या पुस्तकांच्या कपाटांना कुलपे असतील, तर ती या रविवारीच काढावीत.