एअर इंडियाची विक्री आणि आपल्या राखीव जागा

6 डिसेंबर 1956 च्या रात्री परमपूज्य बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईस विमानाने आणण्यात आले. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या मनात विमान हा शब्द त्या रात्रीशीच जोडला गेला. एरवी विमान म्हणजे शेताच्या बांधावरून मान वर करून पाहावयाची वस्तू. धाराशिवला धावपट्टी आहे. परंतु तिकीट काढून निघावे अशी नियमित प्रवासी सेवा तेथून नाही. शेजारच्या सोलापुरातून गोव्याची सेवा सुरू झाली तीही 2025 च्या जूनमध्ये. तेव्हा राष्ट्रीय विमान कंपनी सरकारची असो की टाटांची, आपल्या जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांना त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते त्याचे उत्तर प्रत्येक आईबापाने जाणून घेण्यासारखे आहे.

या कंपनीचा इतिहास खचित अभिमानास्पद आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ जातीचे एका इंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले; तेथून ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला गेले. त्या टाटा एअरलाइन्सचे 1946 साली एअर इंडिया झाले. 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पुढे 1950 साली नैरोबी, 1955 साली टोकियो व 1960 साली न्यूयॉर्क हे मार्ग खुले झाले. 1960 साली बोइंग 707 ही जेट विमाने आली, तर 1971 साली आलेल्या प्रचंड बोइंग 747 विमानाला 'सम्राट अशोक' हे नाव देण्यात आले. 1990 साली कुवेतच्या युद्धसंकटात सापडलेल्या एक लाख अकरा हजारांहून अधिक भारतीयांना याच कंपनीने अम्मानहून मायदेशी आणले.

परंतु आपल्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष 1953 हे होय. त्या वर्षी संसदेने हवाई वाहतूक महामंडळांचा कायदा केला आणि विमान वाहतूक राष्ट्राच्या मालकीची झाली. टाटांचा या धोरणास विरोध होता. तथापि ते धोरण तडीस नेणारे दळणवळण मंत्री होते बाबू जगजीवनराम, म्हणजे अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातून आलेले मंत्री. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभारण्यात आली. ज्या निजामी राज्यात आपला जिल्हा 1948 पर्यंत होता, त्या राज्याच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेज ही त्या आठांपैकीच एक होती.

राष्ट्रीयीकरणाने केवळ मालक बदलला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 12 मध्ये 'राज्य' या शब्दाची जी व्याप्ती सांगितली आहे, तीत ही महामंडळे आली. मूलभूत हक्क त्यांच्यावर बंधनकारक झाले. अनुच्छेद 16(4) च्या आधारे राखीव जागांचे जे धोरण शासनाने आखले, ते या नोकऱ्यांनाही लागू झाले. विमान धुणाऱ्या मजुरापासून अभियंत्यापर्यंत आमच्या माणसाला अर्ज करताना मेहेरबानी मागावी लागत नव्हती; तो हक्क सांगू शकत होता. 1981 साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सेविकेची नोकरी संपविणारा नियम रद्द केला, तोही याच भक्कम पायावर.

आता विक्रीकडे वळू. सरकारी कारभाराचे आम्ही आंधळे समर्थक नाही. 2007 साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाल्यावर तोटा फुगत गेला आणि ऑगस्ट 2021 अखेर कर्ज 61,562 कोटी रुपयांवर पोहोचले. हा पैसा जनतेचा होता. ऑक्टोबर 2021 मध्ये टाटा समूहाची 18,000 कोटींची बोली मान्य झाली; तींपैकी 15,300 कोटी हे कर्ज उचलण्यापोटी होते आणि सरकारच्या हाती रोख आले ते 2,700 कोटी. 27 जानेवारी 2022 रोजी ताबा दिला गेला. नव्या मालकांनी 2023 साली 470 विमानांची मागणी नोंदविली, 2024 साली विस्तारा कंपनीही आपल्यात सामावून घेतली. कंपनी वाढत आहे, नोकऱ्याही निघतील. परंतु त्या नोकऱ्यांत राखीव जागा ठेवण्याचे बंधन आता उरलेले नाही.

याचा अर्थ किती खोल आहे ते 2024 साली दिसून आले. कंपनी सरकारी असताना काही कर्मचाऱ्यांनी बढती व वेतनाविषयी उच्च न्यायालयात रिट अर्ज केले होते. निकाल लागेपर्यंत मालक बदलला होता. कंपनी आता 'राज्य' नाही, यास्तव तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. इतर कायदेशीर मार्ग त्यांना मोकळे राहिले. पण ज्या दाराने ते आत गेले होते, ते दार मध्येच बंद झाले.

यात टाटांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांनी माल विकत घेतला. दोष विकणाऱ्याचा आहे. विक्रीच्या करारात कर्मचाऱ्यांना एक वर्ष न काढण्याची अट घालता आली. मग पुढील भरतीत अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व देण्याची अट का घालता आली नाही? खाजगी शिक्षणसंस्थांना प्रवेशात राखीव जागा लागू करण्यासाठी अनुच्छेद 15(5) हे कलम घटनादुरुस्तीने घालण्यात आलेच ना? जे शिक्षणात शक्य झाले, ते नोकरीत अशक्य आहे असे म्हणणे पटण्यासारखे नाही. यापुढे जो सार्वजनिक उद्योग विक्रीस निघेल, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विक्रीच्या आधी विचारला गेला पाहिजे. तो आपल्या खासदारास विचारणे हे आपल्या प्रत्येक संघटनेचे कर्तव्य आहे.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. कायदा होईपर्यंत मुलांचे वय थांबत नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण अद्याप शासनाचे आहे आणि तेथे राखीव जागा आहेत. विमानांच्या ये-जा नियंत्रणाच्या अधिकारपदासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंड्याच्या शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना गणिताची भीती वाटू देऊ नका. जी दारे उघडी आहेत, ती बंद होण्यापूर्वी त्यांतून आत गेले पाहिजे. आणि जी बंद झाली, ती उघडण्यासाठी संघटित झाले पाहिजे.