उन्हाचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला पेरणीची वेळ विचारा. तो नक्षत्राचे नाव सांगेल. मृग निघाला की खरिपाची लगबग, हस्त-चित्रा आल्या की रब्बीची. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे. त्याची थट्टा करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु नक्षत्र दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला येते. ऊन आणि थंडी मात्र दरवर्षी सारखी नसतात. म्हणून माझे असे मत आहे की, प्रत्येक गावात, निदान प्रत्येक शाळेत, पंचांगाच्या शेजारी उन्हाच्या हिशेबाची एक वही असली पाहिजे.

हा हिशेब कसला? आपल्या शरीराची ऊब सहसा कायम असते. वनस्पती व कीटक यांचे तसे नाही. भोवतालची हवा तापेल तशी त्यांची वाढ वेगाने होते. गारठा पडला की ती मंदावते. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७३५ साली असा विचार मांडला की, पिकाचे नुसते दिवस मोजण्यापेक्षा त्या दिवसांच्या उष्णतेची बेरीज करावी.

रीत सोपी आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान यांची सरासरी काढावी आणि ज्या तापमानाखाली त्या पिकाची वाढ थांबते, ते त्यातून वजा करावे. गव्हासाठी ते सुमारे ५ अंश धरतात. कमाल ३० व किमान १४ असेल, तर सरासरी २२. त्यातून ५ वजा जाता १७ उष्णता-एकके त्या दिवशी जमा झाली. पुढे कमाल ३६ व किमान २० झाले, की एका दिवसात २३ एकके जमतात. म्हणूनच उशिरा पेरलेला गहू लवकर पिकतो. पण दाणा भरण्यास पुरेसे दिवस न मिळाल्याने तो बारीक राहतो.

किडींनाही हाच नियम लागू आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, यात पैसा जातो आणि जीवही धोक्यात येतो. उष्णतेच्या बेरजेवरून पतंगांची पुढची पिढी केव्हा निघेल, याचा अंदाज बांधता येतो. त्या सुमारास कामगंध सापळ्यांत रोज किती पतंग सापडतात ते पाहावे आणि गरज दिसली तरच औषध हाती घ्यावे.

कोणी म्हणेल, ‘आमच्या कोरडवाहू शेतीवर पावसाचे राज्य, येथे उन्हाची मोजदाद कशाला?’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. खरिपाची पेरणी जमिनीतील ओलीवरच ठरणार. वही पाऊस पाडणार नाही. परंतु पेरणीनंतर पीक कोठवर आले आणि कीड केव्हा येईल, हे सांगण्यास ती उपयोगी पडेल.

मुलांनो, शाळेच्या बागेत सावलीत एक कमाल-किमान तापमापक टांगा. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने मेथीचे दोन वाफे पेरा आणि रोजची बेरीज लिहीत जा. पहिल्या वर्षी वही थोडेच सांगेल. पाच वर्षांनी ती आपल्या गावाविषयी असे काही सांगेल, जे कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाही.